आधी मोजणी, मग मांडणी
‘आदर्श सौर ग्राम’ स्पर्धेचे परीक्षण : दाभोळच्या खाडीकाठावरून

१९९३ या एकाच वर्षात दोन गोष्टी घडल्या. त्यातली पहिली देशातल्या प्रत्येक गावाशी संबंधित होती, दुसरी दाभोळच्या खाडीशी. २४ एप्रिलला ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि पंचायतींना घटनेत स्थान मिळाले. या दुरुस्तीने अकरावी अनुसूची जोडली. पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय तिच्यात आहेत. मत्स्यव्यवसाय, पिण्याचे पाणी, इंधन व चारा, ग्रामीण विद्युतीकरण हे त्यातले काही, आणि पंधराव्या क्रमांकावर ‘अपारंपरिक ऊर्जास्रोत’ हाही एक. त्याच वर्षी ८ डिसेंबरला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ पॉवर कंपनीशी वीजखरेदीचा करार केला.

त्या प्रकल्पाला नाव दाभोळचे मिळाले, पण तो दाभोळात नाही. दाभोळ हे वाशिष्ठीच्या उत्तर तीरावरचे, दापोली तालुक्यातले जुने बंदर. प्रकल्प उभा राहिला दक्षिण तीरावर, गुहागर तालुक्यात, अंजनवेलच्या बाजूला. शिवाय याच खाडीतून कोयनेचे पाणीही समुद्राला जाते. पाटण तालुक्यात अडवलेले हे पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली उतरते, वीज निर्माण करते आणि चिपळूणजवळ वाशिष्ठीत सोडले जाते. म्हणजे राज्याच्या विजेचा एक मोठा जुना स्रोत या खाडीच्या वरच्या अंगाला आहे आणि एक मोठा वादग्रस्त प्रकल्प तिच्या मुखाशी आहे. या दोन्हींचे नियोजन करताना खाडीकाठच्या गावांना किती आणि कोणती ऊर्जा लागते, हा प्रश्न कुणाच्या कामाचा नव्हता.

आता तो प्रश्न वेगळ्या रूपाने समोर आला आहे. गावांनी आपली ऊर्जा आपण निर्माण करावी, यासाठी सरकार पैसे देऊ करीत आहे. ही गोष्ट स्वागताची आहे. पण पैसे कशासाठी द्यायचे आणि यश कशावरून ठरवायचे, याचे नियम नीट वाचले तर जुनी चूक नव्या आकारात दिसते. या लेखात त्या नियमांची तपासणी करायची आहे.

योजना काय सांगते?

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्य घर : मुफ्त बिजली योजना’ सुरू केली. एकूण तरतूद ७५,०२१ कोटी रुपयांची आणि लक्ष्य एक कोटी घरांच्या छपरांवर सौर संच बसवण्याचे. घराला मिळणारे अर्थसाहाय्य पहिल्या २ किलोवॉटपर्यंत प्रत्येक किलोवॉटला ३०,००० रुपये आणि ३ किलोवॉट व त्यापुढे जास्तीत जास्त ७८,००० रुपये आहे. याच योजनेचा एक भाग म्हणजे ‘आदर्श सौर ग्राम’. त्यासाठी ८०० कोटी रुपये ठेवले असून प्रत्येक जिल्ह्यातल्या एका गावाला एक कोटी रुपये मिळायचे आहेत. मार्गदर्शक सूचना ऑगस्ट २०२४ मध्ये निघाल्या.

निवडीची पद्धत अशी. गाव महसुली असावे आणि त्याची लोकसंख्या ५,००० हून अधिक असावी. विशेष दर्जाच्या राज्यांत ही अट २,००० ची आहे. पात्र गावांची नावे जिल्हास्तरीय समिती जाहीर करते. त्यानंतर सहा महिन्यांनी ज्या गावात अक्षय ऊर्जेची विकेंद्रित क्षमता सर्वांत जास्त बसलेली असेल, ते गाव विजेते. पुढचे काम राज्याच्या यंत्रणेने समितीच्या देखरेखीखाली करायचे.

या पद्धतीचे गुण आधी मान्य करू. निकष सोपा आहे. किती किलोवॉट बसले हे मोजता येते, तपासता येते, त्यात वशिल्याला वाव कमी. कागदी आराखड्यांवर पैसे उधळले जात नाहीत. स्पर्धेमुळे गावात चर्चा होते. आपल्याकडच्या अनेक योजनांपेक्षा ही रचना स्वच्छ आहे.

तिच्यातली उणीव पाहण्यासाठी एक साधा हिशेब करू. सरकारने अर्थसाहाय्यासाठी धरलेला दर किलोवॉटला सुमारे ५०,००० रुपये आहे. त्या दराने एक कोटी रुपयांत २०० किलोवॉटचे संच येतात. आपल्याकडे एक किलोवॉटचा संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट वीज देतो. म्हणजे २०० किलोवॉटचे दिवसाला ८०० युनिट झाले. आकडा चांगला आहे. पण हे ८०० युनिट कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि कोणत्या कामासाठी, हे या आकड्यात कुठेच नाही. क्षमता म्हणजे गरज नव्हे, आणि क्षमता म्हणजे वापरही नव्हे. योजना मोजते ती फक्त क्षमता.

५,००० ची चाळणी

प्रथम लोकसंख्येची अट पाहू. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ होती. २००१ मध्ये ती १६,९६,७७७ होती, म्हणजे दहा वर्षांत ती घटली. यातले सुमारे ८४ टक्के लोक ग्रामीण भागात आणि गावे साधारण दीड हजार. भागाकार केला तर एका गावाच्या वाट्याला सुमारे ९०० माणसे येतात. ज्या जिल्ह्यात सरासरी गाव ९०० चे, तिथे ५,००० ची अट लावली की बहुसंख्य गावे पहिल्याच चाळणीत गळतात.

उरतात ती मोठी, बाजारपेठेची गावे. तिथे सिमेंटची सपाट छपरे जास्त, हाती पैसाही थोडा जास्त. सहा महिन्यांत जास्त संच तिथेच बसणार आणि बक्षीसही त्यांनाच मिळणार. ज्याच्या पानात आधीच वाढले आहे, त्याच्याच पानात पुन्हा वाढण्याचा हा प्रकार आहे.

कोकणातली घरे वाड्यावाड्यांत विखुरलेली असतात. बरीच घरे कौलारू असतात, त्यांवर माडाची आणि आंब्याची सावली पडते. कौलांवर सांगाडा बसवणे सिमेंटच्या गच्चीइतके सोपे नाही. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत लोखंडी सांगाडा लवकर गंजतो. कित्येक घरे गणपती आणि शिमगा सोडला तर बंदच असतात, कारण माणसे मुंबईला. अशा बंद घरावर संच बसवला तर त्याची वीज तारांमधून इतरांना मिळते हे खरे, पण गावाची गरज भागली असे त्यावरून म्हणता येत नाही. हे सगळे दाभोळ-दापोलीकडच्या कोणत्याही शाळकरी मुलाला माहीत आहे. योजनेच्या निकषाला ते माहीत नाही.

वादळानंतरचा अंधार

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. दापोली आणि मंडणगड तालुक्यांत विजेचे खांब हजारोंनी आडवे झाले. अनेक गावांत वीज परत यायला काही आठवडे लागले. नळपाणी योजनांचे पंप बंद, मोबाइलचे मनोरे बंद, दवाखान्यातली शीतपेटी बंद. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ वादळाने किनाऱ्याला पुन्हा झोडपले.

आता असे समजा, की त्या वेळी गावातल्या प्रत्येक छपरावर सौर संच होता. गावात उजेड राहिला असता का? बहुतेकांचे उत्तर ‘हो’ असे येते. विद्यार्थ्यांना विचारून पाहावे, तेही ‘हो’च म्हणतील. पण खरे उत्तर बहुतांशी ‘नाही’ असे आहे. छपरावरचे नेहमीचे संच वीजवाहिनीला जोडलेले असतात आणि त्यांना विद्युतघट म्हणजे बॅटरी नसते. वाहिनीतला पुरवठा बंद पडला की संचातला इन्व्हर्टर आपोआप थांबतो. तसा नियमच आहे आणि तो योग्य आहे. तसे झाले नाही, तर तार दुरुस्त करायला खांबावर चढलेल्या वायरमनला एखाद्या छपरावरून आलेल्या विजेचा धक्का बसेल. म्हणून लखलखीत उन्हात, छपरावर चांगला संच असताना, घरात मात्र पंखाही फिरत नाही, असे होऊ शकते.

यावर उपाय आहे. गावातल्या मोजक्या ठिकाणी, म्हणजे आरोग्य उपकेंद्र, पाण्याचा पंप आणि निवाऱ्याची शाळा यांच्यापुरते, बॅटरीसह आणि वाहिनीपासून अलग होऊ शकणारे संच बसवायचे. त्यांचा खर्च किलोवॉटमागे जास्त येतो. म्हणजे तेवढ्याच पैशांत कमी किलोवॉट बसतात. आणि इथेच स्पर्धेचा निकष उलटा काम करतो. वादळाचा विचार करणाऱ्या गावाची क्षमता कमी भरेल आणि ते हरेल. विचार न करणारे गाव जिंकेल.

बर्फ, पाणी आणि दिवा

मग योग्य नियोजन कसे असते? दाभोळसारख्या बंदराच्या तीन गरजा उदाहरणादाखल घेऊ.

पहिली गरज बर्फाची. मासळी टिकवायला बर्फ लागतो. २८ अंश सेल्सिअस तापमानाच्या एक टन पाण्याचा बर्फ करायचा तर पाणी शून्य अंशापर्यंत थंड करायला सुमारे १.१७ लाख किलोजूल आणि ते गोठवायला ३.३४ लाख किलोजूल, अशी एकूण साडेचार लाख किलोजूल उष्णता काढून घ्यावी लागते. एक युनिट म्हणजे ३,६०० किलोजूल. म्हणजे ही उष्णता १२५ युनिटांएवढी झाली. शीतयंत्र एका युनिट विजेवर साधारण दोन ते अडीच युनिट उष्णता बाहेर काढते. तेव्हा टनभर बर्फाला ५० ते ६० युनिट वीज पुरते. दिवसाला एक टन बर्फासाठी साधारण १५ किलोवॉटचा सौर संच लागेल.

खरी गंमत पुढे आहे. बर्फ दिवसा करून जाड भिंतीच्या खोलीत ठेवता येतो. उन्हाची ऊर्जा साठवण्याचा हा बॅटरीपेक्षा स्वस्त मार्ग आहे. शिवाय राज्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. म्हणजे पावसाळ्याच्या ज्या दोन महिन्यांत ऊन कमी, त्याच दोन महिन्यांत बर्फाची मागणीही सर्वांत कमी. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ढग असतात आणि होड्याही समुद्रात जातात. तेव्हा वाहिनीची वीज घ्यावी लागेल. पण वर्षाचा हिशेब पाहता सूर्य आणि गरज यांची जोडी इथे चांगली जमते.

दुसरी गरज पिण्याच्या पाण्याची. या भागात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तरी एप्रिल-मे महिन्यांत विहिरी आटतात आणि पाणी लांबून, खोलीतून उपसावे लागते. पंपाला सर्वांत जास्त वीज लागते ती याच महिन्यांत, आणि ऊनही तेव्हाच सर्वांत कडक. उपसलेले पाणी टेकडीवरच्या टाकीत साठते. इथे टाकी हीच बॅटरी. अर्थात विहिरीत पाणीच नसेल तर सौर पंप काही करू शकत नाही. म्हणून पाण्याची मोजणी विजेच्या मोजणीबरोबरच करावी लागते.

तिसरी गरज रस्त्यावरच्या दिव्याची. इथे जोडी जमत नाही. दिवा लागतो रात्री, आणि त्याची निकड सर्वांत जास्त असते पावसाळ्यात, चिखलाच्या आणि सापांच्या दिवसांत. प्रत्येक खांबावर बॅटरी हवी, ती चार-पाच वर्षांनी बदलायला हवी, ढगाळ आठवड्यात ती पुरी भरतही नाही. २० वॉटचा एलईडी दिवा १२ तास जळला तरी पाव युनिटदेखील वीज खात नाही. तिथे वाहिनीची वीज पुरेशी आहे. तरीही ‘सौर गाव’ म्हटले की गावोगाव पहिल्यांदा दिसतो तो खांबावरचा सौर दिवाच. कारण तो रस्त्यावरून दिसतो. पंपघराचे आणि बर्फाचे काम दिसत नाही.

तीन गरजा आणि तीन वेगवेगळी उत्तरे. ही उत्तरे दिल्लीत किंवा मुंबईत बसून काढता येणार नाहीत, कारण त्यांना लागणारी माहिती (होड्या कधी निघतात, विहीर कधी आटते, कोणती वाडी अंधारात असते) गावातच असते. ती गोळा करून, आकड्यांत मांडून, ग्रामसभेपुढे ठेवणे याला नियोजन म्हणतात. आणि या कामासाठी स्पर्धेच्या नियमांत गावाला आधी एक रुपयाही नाही.

नियोजनाला पैसे दिले तेव्हा काय झाले?

‘नियोजनाला पैसे द्या म्हणजे झाले’ असे म्हणणेही बरोबर नाही. तो प्रयोग आपल्याकडे होऊन गेला आहे. सहाव्या पंचवार्षिक योजनेत (१९८०-८५) नियोजन आयोगाने ‘एकात्मिक ग्रामीण ऊर्जा कार्यक्रम’ प्रायोगिक स्वरूपात हाती घेतला आणि सातव्या योजनेत तो नियमित केला. विकासगट हा घटक धरून ऊर्जेचा आराखडा करायचा, केंद्राने नियोजनाच्या कर्मचाऱ्यांचा आणि प्रशिक्षणाचा खर्च द्यायचा, अंमलबजावणीचा पैसा राज्याने उभा करायचा, अशी कल्पना होती. तत्त्व अगदी योग्य होते. शेकडो विकासगटांत कार्यक्रम पोचला. पण आराखडा करणारे कर्मचारी सरकारी कक्षातले, आणि अंमलबजावणीचा पैसा वेगळ्या दाराने येणारा. व्यवहारात आराखडा म्हणजे बहुतेक ठिकाणी चुली, दिवे आणि सूर्यचुली यांच्या लक्ष्यांची वाटणी होऊन बसली.

२००४ च्या सुमारास केंद्राच्या अपारंपरिक ऊर्जा मंत्रालयाने ‘ग्राम ऊर्जा सुरक्षा’ कार्यक्रमाची चाचणी सुरू केली. या वेळी गावातच ऊर्जा समिती नेमायची, तिने गावाचा ऊर्जा आराखडा करायचा आणि प्रकल्पाच्या ९० टक्क्यांपर्यंत, पण घरामागे २०,००० रुपयांपेक्षा जास्त नाही, असे एकदाच अनुदान द्यायचे, अशी रचना होती. दुर्गम, वीज न पोचलेल्या गावांत लाकूडफाट्यावर चालणारी वायुजनित्रे बसली. मागच्या चुकीतून घेतलेला हा धडाच होता. तरी पुढे झालेल्या पाहणीत बरेच संच बंद आढळले. दुरुस्ती करणारा जवळ नाही, लाकूड नियमित मिळत नाही, संध्याकाळच्या चार दिव्यांपलीकडे विजेला गिऱ्हाईक नाही, ही त्याची कारणे. ‘ही वीज कशासाठी वापरणार आणि तिचे पैसे कोण भरणार’ हा प्रश्न आराखड्यात पुरेसा विचारला गेला नव्हता.

या ठिकाणी खाडीपलीकडच्या प्रकल्पाची आठवण होते. दाभोळ पॉवर कंपनीच्या करारातली मेख अशी होती, की वीज उचलली नाही तरी मंडळाने स्थिर आकार भरायचा. स्थिर खर्च ठरलेला असला की वीज जितकी कमी उचलावी, तितका एका युनिटचा भाव वाढतो. साधा भागाकार आहे. जागतिक बँकेने १९९३ मध्येच हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या योग्य नाही असे सांगून कर्ज द्यायचे नाकारले होते. पुण्याच्या ‘प्रयास’ गटाच्या अभ्यासकांनी कराराची आकडेवारी मांडून दाखवली होती. ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला आणि मे २००१ मध्ये बंद पडला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात एन्रॉन कंपनी दिवाळखोरीत गेली. २००५ मध्ये प्रकल्प ‘रत्नागिरी गॅस अँड पॉवर’ या नव्या कंपनीकडे आला, तेव्हा अडचणीचे कारण गॅसचे होते. क्षमता होती, इंधन नव्हते.

७४० मेगावॉटचे केंद्र आणि गावातले १० किलोवॉटचे वायुजनित्र यांची तुलना विचित्र वाटेल. एकात भ्रष्टाचाराचे आरोप, आंदोलने, आंतरराष्ट्रीय लवाद. दुसऱ्यात फक्त गंजलेले यंत्र. पण तांत्रिक दृष्टीने दोन्हीकडची चूक एका जातीची आहे. आधी क्षमता ठरली आणि मग गरज तिच्या मापाने शिवली.

एक बेट आणि एक वाडी

उलट क्रमाने गेलेली उदाहरणेही आहेत. डेन्मार्कच्या सरकारने १९९७ मध्ये बेटांसाठी एक स्पर्धा घेतली. दहा वर्षांत संपूर्णपणे अक्षय ऊर्जेवर जाण्याचा सर्वांत व्यवहार्य आराखडा कोण मांडतो, यावर निकाल ठरला. किती पवनचक्क्या आधीच उभ्या आहेत, यावर नव्हे. सॅम्सो नावाचे बेट जिंकले. बक्षिसाची मोठी रक्कम नव्हती. तरी २००३ पर्यंत बेटावर जमिनीवरच्या ११ आणि समुद्रातल्या १० पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांत शेतकऱ्यांची, सामान्य रहिवाशांची आणि नगरपालिकेची मालकी होती. घरे गरम ठेवण्यासाठी गवताच्या पेंढ्यावर चालणाऱ्या भट्ट्या आल्या, कारण तिथे पेंढा मुबलक होता. डेन्मार्क श्रीमंत देश आहे आणि तिथल्या सहकाराची परंपरा जुनी आहे, हे लक्षात ठेवूनच ही तुलना करावी. पण एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. सॅम्सोची लोकसंख्या आहे सुमारे ४,०००. आपल्या नियमाने ते स्पर्धेला पात्रच ठरले नसते.

परदेशात जाण्याचीही गरज नाही. कोयनेच्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौर ग्राम म्हणून जाहीर झाली. ही वस्ती शंभरेक घरांची. ग्रामस्वच्छतेसारख्या उपक्रमांत वर्षानुवर्षे एकत्र काम केल्यामुळे तिथे ग्रामसभा आणि हिशेब ही नेहमीची गोष्ट होती. सौर संच त्या सवयीवर बसले. लोकसंख्या कमी असणे हा तिथे अडथळा ठरला नाही. उलट सगळ्यांना एका ठिकाणी बसवता आले, ही सोयच झाली.

काय बदलावे?

टीका करणाऱ्याने पर्याय सांगितला पाहिजे. तीन सूचना कराव्याशा वाटतात.

पहिली, रकमेतला थोडा भाग, समजा शंभरात पाच, यंत्राआधी मोजणीसाठी द्यावा. एक कोटीतले पाच लाख म्हणजे १० किलोवॉटचे संच कमी, एवढीच किंमत. पण हे पैसे सल्लागार कंपनीला न जाता ग्रामपंचायतीकडे जावेत. आराखड्यात गरज, वेळ, साठवण आणि दुरुस्ती ही चार प्रकरणे असावीत आणि ते ग्रामसभेत वाचून दाखवल्याशिवाय पुढचा हप्ता मिळू नये. मोजणीचा आणि यंत्राचा पैसा एकाच दाराने यावा, नाहीतर जुन्या कार्यक्रमाची पुनरावृत्ती होईल.

दुसरी, स्पर्धेचा निकष बदलावा. किती किलोवॉट बसले, याच्या जोडीला वर्षभरात किती युनिट उपयोगात आले आणि तारा तुटल्यावर कोणत्या तीन सोयी चालू राहतील, हे विचारावे. दोन्ही गोष्टी मीटरवरून आणि प्रत्यक्ष पाहणीने तपासता येतात. निकषाचा सोपेपणा त्याने बिघडत नाही.

तिसरी, लहान गावांना गटाने भाग घेऊ द्यावा. खाडीकाठची पाच-सहा गावे मिळून ५,००० सहज भरतात. त्यांच्या गरजाही सारख्या असतात आणि एकच तंत्रज्ञ सगळ्यांना पुरतो.

नियम बदलेपर्यंत थांबायचे कारण नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी दिलेल्या मूळ अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता, ४० टक्के मोकळा होता. दरवर्षीचा ग्रामपंचायत विकास आराखडा असतोच. त्यात ऊर्जेचे पान घालायला कोणाची परवानगी लागत नाही, अकरावी अनुसूची पाठीशी आहे. अडचण पान लिहिण्याची आहे, आणि तिथे शाळा मदत करू शकते.

आठवी ते दहावीच्या वर्गाला हे काम एका सत्रात जमण्यासारखे आहे. ग्रामपंचायतीकडून पथदिव्यांची आणि पंपाची बारा महिन्यांची बिले मागावीत आणि महिन्यावार आलेख काढावा. वीस घरांत जाऊन महिन्याला किती सिलिंडर आणि किती लाकूड लागते ते विचारावे. लाकडाची मोळी साध्या काट्यावर वजन करावी. सुक्या लाकडाच्या एका किलोत साधारण साडेचार युनिट उष्णता असते, पण साधी चूल तिच्यातली आठव्या हिश्श्याच्या आसपासच भांड्याला देते. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिट असतात आणि शेगडी त्यातले साठ टक्के कामी आणते. यावरून एक सिलिंडर म्हणजे साधारण २०० किलो लाकूड, हे मुलांना स्वतः काढता येईल. बंदरावर डिझेल आणि बर्फ किती जातो याची नोंद करावी. शाळेच्या छपरावर एका काठीची सावली दर तासाला आखून कोणत्या भागावर माडाची सावली येते ते पाहावे. आणि शेवटी एक यादी करावी: उद्या तारा तुटल्या तर गावात सर्वांत आधी काय चालू राहिले पाहिजे? या यादीवर वर्गात वाद होईल. तो होऊ द्यावा. मोठ्यांच्या ग्रामसभेत होण्याआधी त्याची तालीम झालेली बरी.

ही मोजणी परिपूर्ण नसेल. मुलांच्या आकड्यांत चुका असतील, काही घरे खरे सांगणार नाहीत. तरीही ती कोऱ्या पानापेक्षा चांगली असेल. यंत्रे विकायला येणाऱ्या माणसाला गाव पहिल्यांदाच विचारू शकेल, की हे आमच्या कोणत्या गरजेसाठी आणि कोणत्या महिन्यासाठी? १९९३ मध्ये खाडीच्या दोन्ही तीरांवर हे विचारण्याइतके आकडे कोणाच्या हातात नव्हते. पुढच्या पावसाळ्यापूर्वी ते निदान एका शाळेच्या फळ्यावर लिहिलेले असायला हरकत नाही.